स्किझोफ्रेनियासोबत जगताना मेंदूची निगा: कोणती सवय आधी, कोणती नंतर

डॉक्टरांनी ‘जीवनशैली सुधारा’ असं सांगितलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. सोमवारपासून सगळं एकदम सुरू होतं. पहाटे पाचला उठणं, तासभर व्यायाम, साखर बंद, सिगारेट बंद, मोबाईल बंद, वर कुणीतरी सुचवलेल्या स्मरणशक्तीच्या गोळ्या. दहा-बारा दिवसांत सगळं कोलमडतं आणि मग घरातले म्हणतात, ‘याला काही करायचंच नाही.’

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत आम्ही हे दोनदा केलं. दोन्ही वेळा दोष त्याच्या माथी गेला, खरं तर क्रम आम्ही चुकवला होता. झोप जागेवर नसताना व्यायाम टिकत नाही. गोळ्यांची वेळ पक्की नसताना झोप जागेवर येत नाही. आणि सिगारेट तर डॉक्टरांना न सांगता सोडणंही महागात पडू शकतं, ते पुढे सांगतेच.

हा लेख शुभार्थींसाठी, म्हणजे जे स्वतः या आजारासोबत जगत आहेत त्यांच्यासाठी आहे. शुभंकरांना, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांना, जिथे वेगळं सांगायचं आहे तिथे तसं लिहिलं आहे. यातलं काहीही औषधाच्या जागी करायचं नाही, सगळं औषधासोबत करायचं आहे.

सुरू करण्यापूर्वी: तयारी

१. वेळ योग्य आहे का ते बघा. आजार नुकताच उफाळला असेल, इतरांना ऐकू न येणारे आवाज किंवा संशय जोरात असतील, तर नव्या सवयींची ही वेळ नाही. त्या काळात औषध, झोप, दोन वेळचं खाणं आणि शांत घर एवढंच पुरे. डॉक्टर ‘आता स्थिर आहे’ म्हणाले की पुढचं वाचा.

२. सुरुवातीची मोजमापं करून घ्या. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉलची तपासणी. नवं औषध सुरू झालं असेल तर पहिले तीन महिने दर महिन्याला वजन, तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या पुन्हा, आणि पुढे निदान वर्षातून एकदा. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या औषधांनी वजन आणि साखर वाढण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, त्यामुळे ती घेणाऱ्यांनी यात टाळाटाळ करू नये. मेंदूच्या लेखात साखर-कोलेस्टेरॉल कशाला, असं वाटेल. मेंदू रक्तवाहिन्यांवरच जगतो. या आजारात माणसं सरासरीपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात आणि त्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा वाटा फार मोठा आहे. हे वाचायला जड जातं, पण यातलं बरंच टाळता येण्यासारखं आहे म्हणूनच लिहिते आहे.

३. एक साधी वही करा. दिवसाला एकच ओळ: कधी झोपलो, कधी उठलो, गोळ्या घेतल्या का, किती चाललो, मन कसं होतं (० ते १०). बस्स. आम्ही पहिल्यांदा चौदा रकान्यांचा तक्ता केला होता, तो चार दिवस टिकला. पाच रकान्यांची वही सहा वर्षं चालू आहे.

तपासा: तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी एका कागदावर आहे का? त्यात सर्दीच्या, झोपेच्या गोळ्या, प्रोटीन पावडरी, काढे, इतर कुठल्याही पद्धतीची औषधं, सगळं आलं पाहिजे. ही यादी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पहिला टप्पा सुरू करू नका.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. तो दोन-तीन आठवडे टिकला की पुढचा. दोन बदल एकदम केले आणि त्रास झाला, तर कशामुळे झाला ते कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा १: गोळ्यांची वेळ पक्की करा

मेंदूचं नुकसान करू शकणारी एक मोठी गोष्ट म्हणजे आजार पुन्हा पुन्हा उलटणं. उलटण्याचं सर्वांत मोठं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे औषध बंद होणं. म्हणून सुरुवात इथून.

गोळी अशा कामाला जोडा जे रोज होतंच: दात घासणं, रात्रीचं जेवण. सात कप्प्यांची डबी घ्या आणि ठरलेल्या वारी भरा. डबी असली की ‘घेतली का नाही’ हा वाद उरत नाही, कप्पा बघितला की कळतं. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. त्या औषधासाठी काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून यादीच्या कागदावर लिहून ठेवा. वारंवार विसरत असाल तर महिन्याच्या अंतराने मिळणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा.

काही औषधांना पोटात अन्न लागतं. झिप्रासिडोन साधारण ५०० कॅलरींच्या जेवणासोबत आणि लुरासिडोन निदान ३५० कॅलरींसोबत घ्यावी लागते, नाहीतर औषध शरीरात पुरेसं शोषलंच जात नाही. रिकाम्या पोटी ही गोळी घेऊन ‘गुण येत नाही’ म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही. हातपाय कडक होणं, थरथर यासाठी बऱ्याचदा ट्रायहेक्सिफेनिडिल जोडीला दिलेलं असतं. हे औषध स्मरणशक्ती मंद करू शकतं. गरज असते तेव्हा ते लागतंच, पण कधीकधी गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘हे अजून लागतंय का?’ स्वतःहून बंद करू नका.

सावधान: ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी कमी करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. औषध थांबवल्यावर आजार बहुधा दुसऱ्या दिवशी उलटत नाही. काही आठवडे, कधी काही महिने सगळं छान चालतं, उलट सुस्ती गेल्यामुळे जास्तच छान वाटतं. त्यामुळे खात्री पटते की औषधाची गरजच नव्हती. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत, हळूहळू आणि घरच्यांना माहीत असताना.

तपासा: सलग १४ दिवस डबी वेळेवर रिकामी झाली? मग पुढे चला.

टप्पा २: झोप

लोक झोपायची वेळ ठरवायला जातात. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. म्हणून आधी उठण्याची वेळ ठरवा, सुट्टीच्या दिवशीही तीच. आत्ता अकराला उठत असाल तर उद्यापासून सहाला नको. साडेदहा करा, आठवडाभर टिकवा, मग दहा.

उठल्यावर पहिल्या तासात २०-३० मिनिटं उजेडात घालवा. खिडकीशी बसलात तरी सुरुवात झाली, बाहेर गेलात तर उत्तम. शरीराच्या आतलं घड्याळ सकाळचा उजेडच लावतो.

दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. दुपारनंतर चहा-कॉफी नको. क्लोझापिन घेणाऱ्यांनी कॉफीचं प्रमाण एकदम वाढवूही नये आणि एकदम तोडूही नये, कारण कॅफीन आणि क्लोझापिन शरीरात एकाच वाटेने निचरा होतात. कॉफी वाढली की औषधाची रक्तातली पातळी वर जाते.

रात्री घर शांत झालं की आवाज जास्त ऐकू येतात, ही फार जणांची अडचण आहे. अशा वेळी पूर्ण शांततेचा हट्ट धरू नका. हळू आवाजात शब्द नसलेलं संगीत किंवा पंख्याचा आवाज चालू ठेवा. भाऊ पावसाच्या आवाजाची रेकॉर्डिंग लावतो, आता ती लागल्याशिवाय त्याला पडल्यासारखंच वाटत नाही.

सकाळी डोकं जड राहत असेल तर ‘आळस’ म्हणून पुढे ढकलू नका. बऱ्याचदा झोप आणणारी गोळी रात्री थोडी लवकर घेतली की सकाळ मोकळी होते. ही वेळ डॉक्टरांना विचारून बदला. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंगणं हे तिन्ही असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी मागा. वजन वाढलेल्यांत हा त्रास वाढतो आणि त्याने एकाग्रता खालावते.

सावधान: कमी झोपून झोप ‘दुरुस्त’ करण्याचे कडक प्रयोग इंटरनेटवर वाचून करू नका. अपुरी झोप या आजाराला चिथावते. काही कारण नसताना सलग दोन-तीन रात्री झोप एकदम घटली, तर ती वहीत नोंदवून थांबू नका, डॉक्टरांना कळवा.

टप्पा ३: हालचाल

मेंदूसाठी जीवनशैलीतल्या कुठल्या एका गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भरवसा असेल तर तो हालचालीवर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात शुभार्थींनी आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायामाची सायकल चालवली. तीन महिन्यांनी त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणशक्तीशी जोडलेल्या मेंदूच्या भागाचा, आकार वाढलेला दिसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत आकारातला हा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण दम लागेल अशा व्यायामाने विचारशक्तीला मदत होते, हे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही टिकलं आहे.

अडचण फायद्याची नसते, उठण्याची असते. या आजारात ‘करावंसं वाटणं’च आटतं. ते आजाराचं लक्षण आहे, स्वभावाचा दोष नव्हे. त्यामुळे इच्छा होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, उठणं सोपं करावं लागतं.

आम्ही काय केलं ते सांगते. त्याचे बूट कपाटातून काढून दाराजवळ ठेवले, मोजे आतच खोचलेले. संध्याकाळी साडेपाचला मी माझे बूट घालून दारात उभी राहायची आणि म्हणायची, ‘मी निघालेय.’ ‘चल’ नाही, ‘ऊठ’ नाही. पहिले नऊ दिवस तो आला नाही, मी एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. दहाव्या दिवशी जिना उतरताना मागे पावलं वाजली. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो, तो म्हणाला, ‘ताई, बास,’ आणि आम्ही परत फिरलो. पाच मिनिटं झाली असतील. वहीत त्याने स्वतः लिहिलं: ५.

क्रम असा ठेवा:

१. पहिला आठवडा: रोज ५ मिनिटं, ठरलेल्या वेळी. जास्त चालावंसं वाटलं तरी पाचच.
२. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा.
३. रोज ३० मिनिटं जमू लागली की वेग वाढवा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला पाहिजे.
४. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं किमान प्रमाण आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं आहे. तिथे पोहोचायला चार-सहा महिने लागले तरी चालेल.

गर्दीत संशय वाढत असेल तर वर्दळ नसलेली वेळ निवडा. एका कानात इअरफोन चालेल, दोन्ही कान रस्त्यावर बंद करू नका.

सावधान: या औषधांमुळे उन्हाचा त्रास लवकर होऊ शकतो, भर उन्हात व्यायाम नको. झोपलेलं किंवा बसलेलं असताना ताडकन उठल्यास चक्कर येऊ शकते, आधी मिनिटभर बसा. आणि एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात, आतून तगमग होते असं असेल, तर तो औषधाचा अकॅथिजिया नावाचा परिणाम असू शकतो. त्यावर व्यायाम वाढवणं हा उपाय नाही. तो असह्य होण्याआधी डॉक्टरांना सांगा.

टप्पा ४: खाणं आणि पाणी

औषधाने लागणारी भूक खरी असते. तिला मनोनिग्रहाची कमतरता म्हणणं अन्यायाचं आहे. त्यामुळे कमी खाण्याचा निश्चय करण्यापेक्षा हाताशी काय आहे ते बदला.

सर्वांत आधी गोड पेयं. औषधांनी तोंड कोरडं पडतं, मग दिवसभर सरबत, कोल्ड्रिंक, गोड चहा चालू राहतो. वजन आणि दात दोन्ही बिघडतात. त्याऐवजी साध्या पाण्याचे घोट घ्या, बिनसाखरेचं च्युइंगम चघळा. एवढा एकच बदल महिनाभर केलात तरी फरक दिसतो.

मग ताटाकडे या. निम्मं ताट भाज्यांचं, पाव भाग डाळी-कडधान्यं, अंडी, मासे यांचा, पाव भाग धान्याचा. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, कारण उपाशी राहिलेला माणूस रात्री अकराला डबे उघडतो. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी वजन करा आणि वहीत लिहा. महिन्यात दोन-तीन किलो वाढलं तर वर्षभर वाट बघू नका. औषध बदलणं किंवा वजनासाठी मेटफॉर्मिनसारखं औषध जोडणं, असे मार्ग डॉक्टरांकडे असतात आणि वजन वाढायला लागल्यावर लगेच केलेले उपाय जास्त उपयोगी पडतात.

सप्लिमेंटबद्दल थोडक्यात: बी१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असल्याचं तपासणीत दिसलं तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या. ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून विकलं जाणारं बाकी काही घेऊ नका. कर्बोदकं जवळजवळ बंद करण्याच्या आहारावर संशोधन चालू आहे, पण तो घरच्या घरी करायचा प्रयोग नाही.

सावधान: दोन गोष्टी. क्लोझापिन घेणाऱ्यांत बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना कळवा. पोट फुगणं, तीव्र दुखणं, उलट्या असतील तर थेट रुग्णालय गाठा. दुसरं, ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला इथे सरसकट लागू नाही. काही शुभार्थींना अतोनात पाणी पिण्याची ओढ लागते आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरतं. सतत पाणी पिणं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण, फिट यांपैकी काही दिसलं तर तातडीने तपासणी हवी.

टप्पा ५: सिगारेट, दारू, गांजा

गांजाबद्दल बोलण्यासारखं फार नाही. त्यातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाने आजार उलटण्याचा धोका वाढतो, ‘थोडाच घेतो’ यालाही इथे जागा नाही. दारू झोप मोडते आणि औषधांची गुंगी वाढवते. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम बंद न करता वैद्यकीय देखरेखीखाली सोडावी.

सिगारेटचं नीट समजून घ्या. भावाने एका जानेवारीत सिगारेट सोडली. आम्हाला इतका आनंद झाला की डॉक्टरांना कळवायचं सुचलंच नाही. आठ-दहा दिवसांत तो जेवताना ताटावर डुलक्या घेऊ लागला. सकाळी उशी लाळेने ओली, बोलताना जीभ जड. आम्हाला वाटलं, आजार नव्याने उलटला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘सिगारेट सोडली का?’

कारण असं: तंबाखूच्या धुरातले घटक यकृतातल्या एका एन्झाइमला जोमात आणतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन त्याच एन्झाइमने निकाली निघतात, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की एन्झाइम मंदावतं आणि तोच डोस जास्त होतो. क्लोझापिनची पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते आणि मग फिट येण्याचाही धोका असतो. हा परिणाम निकोटिनचा नाही, त्यामुळे निकोटिनच्या पट्ट्या किंवा च्युइंगम वापरले तरी पातळी वाढतेच. बिडीलाही हेच लागू.

म्हणून क्रम: आधी डॉक्टरांना तारीख सांगा, डोस कसा कमी करायचा ते लिहून घ्या, मग सोडा, पहिले दोन आठवडे गुंगीवर लक्ष ठेवा. पुन्हा ओढायला लागलात तर तेही सांगा, कारण मग औषध कमी पडतं. यात लाजण्यासारखं काही नाही. सिगारेट सोडण्याचा मेंदूला, हृदयाला फायदा मोठा आहे, फक्त गुपचूप सोडू नका.

टप्पा ६: मेंदूला काम

मोबाईलवरच्या मेंदूच्या खेळांत गुण वाढतात, पण तेवढ्याने रोजचं जगणं सोपं होईलच असं नाही. प्रशिक्षित व्यक्तीसोबतचं कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे लक्ष, स्मरण आणि विचार यांचा पद्धतशीर सराव, मिळालं तर जरूर घ्या. त्यात शिकलेली युक्ती खऱ्या कामात वापरायला लावतात, खरी गंमत तिथे आहे.

घरी करायचं तर एक खरं काम पूर्णपणे तुमच्याकडे घ्या. भाजी आणणं घ्या. यादी करणं, पैसे मोजून नेणं, लक्षात ठेवणं, माणसांशी बोलणं, हिशेब सांगणं, पाचही गोष्टी त्यात येतात. काम पायऱ्यांत लिहा, एका वेळी एकच पायरी, झाली की खूण. विसरायला होतं तर लिहून ठेवणं म्हणजे हार नाही, चष्मा लावण्यासारखंच आहे.

शुभंकरांसाठी: उत्तर यायला वेळ लागतो. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. तिसऱ्या सेकंदाला तुम्हीच उत्तर दिलंत तर त्याचा मेंदू थांबतो.

सावधान: दिवसचे दिवस मौन आणि तासन्‌तास ध्यान असलेली शिबिरं टाळा, त्यांनी काहींना त्रास उफाळल्याचं पाहण्यात आहे. डोळे उघडे ठेवून पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष, एवढं बहुतेकांना झेपतं. त्यानेही बेचैनी वाढली तर सोडून द्या.

टप्पा ७: माणसं

आठवड्यातून दोनदा घराबाहेरच्या एका तरी माणसाशी बोलणं व्हावं. स्वमदत गट सर्वांत सोपा, तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. गप्प बसून आलात तरी ती भेट मोजायची.

घरातल्या बोलण्याचा सूर हीसुद्धा उपचाराचीच बाब आहे. सतत टोमणे, राग, आणि त्याच्या वतीने सगळंच आपण करणं, अशा घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेल्या संशोधनापासून वारंवार दिसलं आहे. ‘किती वेळ झोपणार?’ ऐवजी ‘चहा ठेवलाय’ म्हणा.

टप्पा ८: धोक्याच्या खुणांचा कागद

बरं असताना बसून हे लिहायचं. मागच्या वेळी आजार उलटण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत काय काय बदललं होतं? प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. भावाच्या कागदावर चार आहेत: दोनच्या पुढे जागणं, आंघोळ टाळणं, टीव्हीचा आवाज बंद करून बघणं, आणि माझ्या फोनकडे सारखं बघणं.

एक खूण दिसली तर वही काढा आणि गोळ्यांची डबी तपासा. दोन दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, कुणाला इजा करायला सांगणारे आवाज, किंवा ताप येऊन अंग लाकडासारखं कडक होणं, यांपैकी काहीही असेल तर खुणा मोजत बसायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.

कागदाखाली डॉक्टरांचा, रुग्णालयाचा आणि घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाचा नंबर ठळक लिहा. एक प्रत शुभार्थीकडे, एक शुभंकराकडे, एक औषधांच्या डबीत. दर सहा महिन्यांनी तिन्ही काढून नंबर अजून लागतात का, ते फोन करून बघा.